भट्टीची राख आणि घराची भिंत

सिल्वासाहून दक्षिणेकडे सुमारे वीस किलोमीटर गेले म्हणजे साकरतोड नदीच्या काठी खानवेल हे गाव लागते. सभोवार सागाची वने व टेकड्या, उतारावर भाताची खाचरे, आणि त्यांच्या कडेने विखुरलेले वारली, कोकणा, धोडिया ह्या समाजांचे पाडे, असे ह्या परिसराचे स्वरूप आहे. दादरा व नगर हवेलीचा मुलूख १९५४ साली पोर्तुगीज अमलातून मुक्त झाला आणि १९६१ साली भारतीय संघराज्यात रीतसर सामील झाला. पुढील काळात करांतील सवलतींमुळे सिल्वासाच्या आसपास कारखान्यांची दाटी झाली. त्यामुळे डोंगराच्या अंगाला कुडाची घरे आणि खालच्या सपाटीवर कारखान्यांची धुराडी, असे दोन काळ येथे शेजारी शेजारी नांदताना दिसतात.

कुडाच्या घराचा एक मोठा गुण असा, की त्याच्या भिंतीला लागणारी प्रत्येक वस्तू हाकेच्या अंतरावर मिळते. कारवीच्या किंवा बांबूच्या काठ्या जवळ जवळ बांधावयाच्या आणि दोन्ही अंगांनी त्यांना शेणामातीने लिंपावयाचे, की भिंत तयार झाली. ती हलकी असते, उन्हाळ्यात थंड राहते आणि जुनी झाली म्हणजे पुन्हा मातीत मिसळून जाते. परंतु ह्या भागात वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. प्रत्येक पावसाळ्यानंतर लिंपण नवे करावे लागते, वाळवी काठ्या पोखरते, आणि घरातील तरुण माणसे कारखान्यांत कामाला जाऊ लागली म्हणजे ह्या वार्षिक श्रमाला हात उरत नाहीत. पक्क्या घराची ओढ त्यामुळे स्वाभाविक आहे. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेने ह्या ओढीला सरकारी अर्थसाहाय्याची जोड दिली. पक्के घर म्हटले, की वीट आणि सिमेंट ह्या दोन वस्तू आल्याच. आणि दोन्ही पैसे मोजून आणावयाच्या असतात. उद्योगधंद्यांतून उरणाऱ्या टाकाऊ पदार्थांपासून सिमेंटावाचून भिंत उभी करता येते काय, आणि तशी भिंत येथील पावसाला व जमिनीला पुरी पडेल काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ शास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा राहत नाही.

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी सिमेंट म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. १८२४ साली जोसेफ अ‍ॅस्पडिन ह्या इंग्रज गवंड्याने पोर्टलंड सिमेंटाचे पेटंट घेतले. पोर्टलंड हे कोणा कारखानदाराचे नाव नव्हे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर त्या नावाच्या ठिकाणी निघणाऱ्या दगडाशी ह्या पदार्थाचे साम्य दिसे, म्हणून ते नाव पडले. चुनखडी व चिकणमाती एकत्र दळून फिरत्या भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सियसपर्यंत तापविली, की चुन्याचा आणि मातीतील सिलिकेचा संयोग होऊन काळसर गोटे तयार होतात. कारखान्यात त्यांना क्लिंकर म्हणतात. हे गोटे थोड्या जिप्समाबरोबर बारीक दळले म्हणजे सिमेंट झाले. तात्पर्य, चुना व सिलिका ह्यांचे लग्न प्रखर अग्नीच्या साक्षीने लावून दिलेले असते. गवंड्याने पाणी घातले, की त्या संयोगाला दगडाचे काठिण्य येते.

ह्या लग्नाचा खर्च मात्र भारी आहे. शुद्ध चुनखडीचा शंभर किलो दगड भाजला, तर त्यातून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि ५६ किलो कळीचा चुना मागे राहतो. भट्टीत कोणतेही इंधन जाळले तरी हा वायू सुटणारच, कारण त्याचा उगम दगडातच असतो. एक टन क्लिंकरमागे केवळ दगडातून सुटणारा वायू अर्ध्या टनाच्या घरात जातो. इंधनाचा वायू त्याहून निराळा. जगात वर्षाला सुमारे चार अब्ज टन सिमेंट तयार होते, आणि मानवी व्यवहारांतून हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात ते आठ टक्के वाटा त्या एका उद्योगाकडे जातो. सिमेंटाच्या उत्पादनात चीनच्या खालोखाल भारताचा क्रमांक लागतो.

लाल विटेचा हिशेबही फारसा निराळा नाही. एका विटेला सुमारे तीन किलो माती लागते, आणि ती बहुधा शेतजमिनीच्या वरच्या, सकस थरातील असते. तो थर तयार होण्यास पिढ्यान्‌पिढ्या लागलेल्या असतात. ती माती पुढे कोळशावर किंवा लाकडावर नऊशे ते हजार अंशांपर्यंत भाजावी लागते. ह्या धंद्याची दुसरी बाजू पालघर व ठाणे जिल्ह्यांत स्पष्ट दिसते. दिवाळी सरली, की जव्हार, मोखाडा, विक्रमगड ह्या तालुक्यांतील आदिवासी कुटुंबे उचल घेऊन, चूलभांडी बांधून वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात. मधल्या काळात मुलांची शाळा सुटते. भिंतीचा पदार्थ बदलण्याच्या विचारात ह्या माणसांनाही स्थान असले पाहिजे.

आता, सिमेंट येण्यापूर्वी पक्की बांधकामे होत नव्हती काय? पेशवाईतील वाडे व घाट चुन्यात बांधले गेले. पुण्याजवळच्या खडकवासल्याचे धरण १८७९ साली पुरे झाले, तेही चुन्यातील दगडी बांधकामच होते. परंतु निव्वळ चुना पाण्याखाली घट्ट होत नाही. तो हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडी बनतो, आणि त्यासाठी त्याला हवा लागते. ओलीतही चुना धरावा म्हणून जुने गवंडी त्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, मिसळत आणि बैलांच्या घाणीत ते मिश्रण मळून घेत. रोमन लोकांनी हेच काम नेपल्सजवळच्या पोत्सुओली येथील ज्वालामुखीच्या राखेकडून करून घेतले, आणि त्या गावाच्या नावावरून असल्या पदार्थांना पोझोलाना हे नाव मिळाले. सुरखी असो वा ज्वालामुखीची राख असो, तत्त्व एकच आहे. ज्या मातीतील सिलिका व अ‍ॅल्युमिना एकदा अग्नीतून गेलेली असतात, ती चुना व पाणी मिळताच साध्या हवामानातही त्याच्याशी संयोग पावतात. सिमेंटाच्या भट्टीत जे १४५० अंशांवर घडवून आणावे लागते, त्यासारखेच काही येथे हाताच्या उष्णतेवर घडते. त्याला वेळ मात्र अधिक लागतो.

औष्णिक वीज केंद्रातील कोळशाची राख ही आधुनिक काळातील सुरखीच होय. भारतीय कोळशात मातीचा अंश पुष्कळ असतो. शंभर टन कोळसा जाळला, तर तीस ते चाळीस टन राख उरते. दळलेला कोळसा बॉयलरमध्ये तेराशे अंशांहून अधिक उष्णतेत जळतो, तेव्हा त्यातील मातीचे कण वितळतात आणि धुराबरोबर उडताना एकाएकी थंड होऊन काचेच्या सूक्ष्म गोळ्यांचे रूप घेतात. धुराड्यात शिरण्यापूर्वी विद्युत्‌भारित पत्र्यांवर त्यांना अडविले जाते. ह्या बारीक, करड्या पुडीला धंद्यात फ्लाय अ‍ॅश म्हणतात. काचेचे रूप आल्यामुळे तिच्यातील सिलिका चुन्याशी संयोग पावण्यास तयार असते. बॉयलरच्या तळाशी पडणारी जाड राख, किंवा पाण्याबरोबर तलावात सोडलेली ओली राख, ही मात्र तितकी क्रियाशील नसते. तिचा उपयोग फार तर वाळूऐवजी होतो. राख घेताना कोरडी की तलावातली, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

खानवेलला ही राख दुरून आणावयास नको. नैऋत्येला पालघर जिल्ह्यात डहाणूचे ५०० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक केंद्र १९९५ साली उभे राहिले. चिकूच्या बागांच्या त्या प्रदेशात ह्या केंद्रावरून मोठा वाद झाला, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ साली डहाणू तालुक्यासाठी स्वतंत्र पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. सह्याद्रीच्या पलीकडे नाशिकजवळ एकलहरे येथेही कोळशावर वीज निर्माण झाली. राख जमून राहिली तर काय होते, ह्याचा अनुभव विदर्भाने घेतला आहे. २०२२ च्या जुलै महिन्यात कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखमिश्रित पाणी आसपासच्या शेतांत व नाल्यांत पसरले. देशातील वीज केंद्रांतून २०२१-२२ ह्या एका वर्षात सुमारे २७ कोटी टन राख निघाली. ती वापरात आणण्यासाठी केंद्र सरकारने प्रथम १९९९ साली अधिसूचना काढली. तीत औष्णिक केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील वीट उत्पादकांवर राख मिसळण्याचे बंधन होते. ही मर्यादा २००३ साली १०० व २०१६ साली ३०० किलोमीटरपर्यंत वाढविण्यात आली, आणि २०२१ च्या ३१ डिसेंबरच्या अधिसूचनेने सगळी राख उपयोगात आणण्याची जबाबदारी वीज केंद्रांवर टाकली. सिमेंटाचे कारखाने स्वतःही ह्या राखेचे मोठे गिऱ्हाईक आहेत. पोझोलाना जातीच्या सिमेंटात पस्तीस टक्क्यांपर्यंत राख चालते. म्हणजे राखेचे सामर्थ्य सिमेंटवाल्यांनी केव्हाच ओळखले आहे. तिला सिमेंटाच्या आधारावाचून उभे करणे, एवढेच पाऊल पुढे टाकावयाचे असते.

हे पाऊल भारतात विशाखापट्टणम येथील एन. भानुमतीदास व एन. कालिदास ह्या संशोधकांनी टाकले. राख, चुना व जिप्सम ह्या तीन पदार्थांच्या इंग्रजी नावांतील अक्षरे जोडून त्यांनी आपल्या पद्धतीला फाल-जी असे नाव दिले. ह्या विटेत वजनाने साधारणपणे ५५ ते ६० टक्के राख, २० ते २५ टक्के वाळू किंवा खाणीवरची दगडाची कच, १५ ते २० टक्के चुना आणि ५ टक्क्यांच्या आसपास जिप्सम असते. चुना व राख ह्यांचा संयोग मंद असतो. जिप्सम राखेतील अ‍ॅल्युमिनेला हाताशी धरून आरंभीची पकड आणून देतो, जणू दुधाला लावलेले विरजणच. हे मिश्रण थोड्या पाण्याने ओलसर करून चक्कीत मळतात आणि यंत्राच्या साच्यात दाबून वीट पाडतात. तिला भट्टी नाही, कोळसा नाही आणि शेतातील मातीही नाही.

भट्टीची जागा ह्या विटेच्या बाबतीत पाणी आणि काळ घेतात. पाडलेली वीट दोन दिवस सावलीत सुकू द्यावयाची. नंतर दोन ते तीन आठवडे दिवसातून दोन-तीन वेळा तिच्यावर पाणी मारावयाचे, आणि त्यापुढेही महिना पुरा होईपर्यंत ती बांधकामावर न्यावयाची नाही. कोकणपट्टीतील उबदार हवा ह्या क्रियेला अनुकूल आहे. थंड प्रदेशात तीच क्रिया रेंगाळते. वीट भिंतीत बसल्यावरही कित्येक महिने तिचे बळ वाढत राहते. परंतु पहिल्या तीन आठवड्यांत पाण्याची कुचराई झाली, तर पुढे कितीही पाणी मारले तरी ती उणीव पुरी भरून निघत नाही. बाजारात अशा विटांची जी बदनामी झाली आहे, तिचे एक कारण हेच आहे. वीट बाहेरून सफाईदार दिसते, गिऱ्हाईक घाई करते, उत्पादकाला जागा रिकामी हवी असते, आणि अर्धीकच्ची वीट गाडीत चढते.

ह्या घाईवर उतारा म्हणून पुष्कळ उत्पादक चुना व जिप्सम ह्यांऐवजी आठ-दहा टक्के सिमेंट घालतात. त्यामुळे वीट लवकर धरते आणि कामही सोपे होते. अशी वीट वाईट असते असे नाही. परंतु तिला सिमेंटविरहित म्हणता येत नाही. उलट, सिमेंट वगळले एवढ्यावर संतुष्ट होणाऱ्यांनीही एक हिशेब मांडून पाहिला पाहिजे. शंभर किलो फक्की चुना मिळविण्यासाठी चुनखडी भाजताना दगडातून सुमारे ५९ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तीन किलोच्या विटेत अठरा टक्के, म्हणजे ५४० ग्रॅम, ताजा चुना घातला, तर त्यापोटी तीनशे ग्रॅमहून अधिक वायू हवेत गेला. त्याच विटेत आठ टक्के, म्हणजे २४० ग्रॅम, सिमेंट घातले असते, तर दगडातून सुटलेला वायू सुमारे १२० ग्रॅम भरतो, आणि भट्टीच्या इंधनाचा वाटा धरला तरी तो चुन्याच्या आकड्यापर्यंत पोहोचत नाही. चुना आपल्या आयुष्यात त्यातील थोडा वायू परत शोषून घेतो हे खरे. तथापि नवा चुना भाजून केलेली वीट पृथ्वीचे ओझे हलके करते, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

हा हिशेब बदलतो तो चुनाही टाकाऊ पदार्थांतून मिळाला तर. वेल्डिंगसाठी अ‍ॅसिटिलीन वायू तयार करताना कॅल्शियम कार्बाइडवर पाणी सोडतात. वायू निघून गेल्यावर खाली जो पांढरट-करडा गाळ उरतो, तो बहुतांशी फक्की चुनाच असतो. ६४ किलो शुद्ध कार्बाइडपासून ७४ किलो चुना मिळतो. त्याच्यासाठी दगड पूर्वीच भाजला गेलेला असतो. तो विटेत गेला नाही, तर खड्ड्यात पडून राहतो. जिप्समाचेही तसेच. फॉस्फरसयुक्त खतांच्या कारखान्यांत एक टन फॉस्फोरिक आम्लामागे सुमारे पाच टन जिप्सम उरते. मुंबईत तुर्भे येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स ह्या कारखान्याने अशा जिप्समात काचेचे तंतू घालून पोकळ भिंतींचे फलक बनविण्याचा उद्योग केला, आणि २०१३ साली मद्रासच्या आयआयटीने तसल्या फलकांचे संपूर्ण घर आपल्या आवारात उभे करून दाखविले. राख, चुना आणि जिप्सम ही तिन्ही दुसऱ्या उद्योगांच्या पदरी उरलेली असतील, तेव्हाच त्या विटेच्या मागे नवी भट्टी पेटलेली नसते. म्हणून विटेच्या कारखान्यात विचारावयाचा पहिला प्रश्न सिमेंट घातले की नाही, हा नसून चुना कोठून आणला, हा असावयास पाहिजे.

चुन्यावाचूनही राखेला बांधता येते. बेल्जियममधील आर्थर पर्डन ह्यांनी १९४० साली दाखविले, की लोखंडाच्या झोतभट्टीतील धातुमळी अल्कलीच्या द्रावणाने सिमेंटासारखी घट्ट होते. कीव्ह येथील व्हिक्टर ग्लुखोव्स्की ह्यांनी १९५७ पासून ह्या पद्धतीचा पाया घातला, आणि फ्रान्समधील जोसेफ डेव्हिडोविट्स ह्यांनी १९७० नंतरच्या दशकात अशा पदार्थांना जिओपॉलिमर हे नाव दिले. कॉस्टिक सोडा व सोडियम सिलिकेट ह्यांच्या द्रावणात राखेची काच विरघळते आणि तिची नवी घट्ट जाळी बनते. ऑस्ट्रेलियात टूवूम्बा येथे २०१४ साली सुरू झालेल्या विमानतळाच्या फरसबंदीत असे काँक्रीट वापरलेले आहे. भारतीय मानक संस्थेनेही कारखान्यात ओतून तयार करावयाच्या वस्तूंसाठी २०२० साली ह्या काँक्रीटची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. परंतु कॉस्टिक सोडा कातडी जाळतो, डोळ्यांत उडाला तर दृष्टी जाण्याचे भय असते, आणि सोडियम सिलिकेट बनविण्यासही भट्टी लागते. जेथे हातमोजे, चष्मे आणि जाणती देखरेख आहे अशा कारखान्यात फरशा, नळ व ठोकळे करण्यास ही पद्धत योग्य होय. पाड्यावरील अंगणात तिचे प्रयोग करणे योग्य नव्हे.

खानवेलच्या आसपास भात पिकते, म्हणून आणखी एका राखेचा उल्लेख केला पाहिजे. साळीच्या वजनाचा सुमारे पाचवा भाग तूस असते, आणि तूस जाळले म्हणजे त्याचा पाचवा भाग राख उरते. ह्या राखेत नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका असते. परंतु ती उपयोगी पडावी यासाठी तूस सुमारे सातशे अंशांच्या आत, बेताने जाळावे लागते. आग भडकली, की सिलिकेचे स्फटिक बनतात आणि ती चुन्याला दाद देईनाशी होते. शिवाय असल्या स्फटिकांची धूळ फुप्फुसांना घातक असते. तेव्हा भातगिरणीमागील प्रत्येक ढीग कामाचा असेल, असे मानून चालणार नाही.

विटेची परीक्षा प्रयोगशाळेत व्हावी हे उत्तम. राख-चुना विटांसाठी भारतीय मानक आहे. त्यातील ७.५ ह्या वर्गाच्या विटेने दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७५ किलो भार सोसला पाहिजे आणि चोवीस तास पाण्यात ठेवल्यावर आपल्या वजनाच्या वीस टक्क्यांहून अधिक पाणी पिता कामा नये. ही दुसरी परीक्षा घरधन्यालाही घेता येते. कोरडी वीट तीन किलो भरली, तर दिवसभर बुडवून काढल्यावर ती ३ किलो ६०० ग्रॅमच्या वर जाऊ नये. तिची ओली कड अंगठ्याने चोळली असता राख हाताला लागली, किंवा खिळ्याने सहज ओरखडा उठला, तर ती वीट पुरी पिकलेली नाही असे समजावे. दोन हजार मिलिमीटर पावसाच्या मुलुखात कच्च्या विटेची भिंत दोन-तीन पावसाळ्यांत सोलवटू लागते, आणि कर्ज काढून बांधलेल्या घराची दुरुस्ती करण्यास दुसरे कर्ज मिळत नाही. हिवाळ्यात पाडलेली वीट उन्हाळ्यात बांधकामाला घ्यावी आणि पावसाळ्यापूर्वी भिंतीला गिलावा व वर छप्पर यावे, हा क्रम येथे सर्वांत सोयीचा.

बांधकामाविषयी आणखी एक गोष्ट ह्या भागापुरती अगत्याची आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू व तलासरी तालुक्यांत, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. त्यांपैकी काही धक्के रिश्टर प्रमाणावर चारच्या पुढे गेले. खानवेल त्या पट्ट्याहून दूर नाही. कुडाची भिंत हलकी व लवचिक असल्यामुळे असे धक्के झेलते. विटेची भिंत जड असते, आणि तिला बांधून ठेवणारे काही नसेल तर कोपऱ्यातून फाटते. म्हणून कुडाकडून विटेकडे जाताना जोत्याच्या, दारांखिडक्यांवरच्या आणि छपराखालच्या पातळीवर सळई घातलेले काँक्रीटचे अखंड पट्टे सगळ्या भिंतींवरून फिरविणे आवश्यक ठरते. ह्या पट्ट्यांना सिमेंट लागते, आणि ते तेथे खुशाल वापरावे. सिमेंट काँक्रीटमधील सळईला गंजापासून जे संरक्षण मिळते, ते चुन्याच्या मालात दीर्घकाळ टिकत नाही. परंतु एका मजल्याच्या घरात सर्वाधिक माल खातात त्या भिंती, आणि भिंतीला मुख्यतः दाबच सोसावयाचा असतो. तेथे राख-चुन्याची वीट आणि तिला जोडणारा चुना-राखेचा माल हे काम चोख बजावतात. गवंड्याने एवढेच पाहावयाचे, की जोडणारा माल विटेहून फार कठीण नसावा. नाही तर भिंत आकसताना तडा सांध्याऐवजी विटेत जातो. सिमेंट हा महागाचा आणि गुणी पदार्थ आहे. जेथे दुसऱ्या कशाने भागत नाही तेथे त्याची योजना करावी, आणि जेथे राख पुरी पडते तेथे ते उधळू नये.

राहता राहिला माणसांचा प्रश्न. राखेच्या विटेचा कारखाना भट्टीसारखा मोसमी नसतो. शेड असले तर तो पावसाळ्यातही चालतो, आणि लहान यंत्रावर दहा-बारा माणसांनाही चालविता येतो. त्यामुळे गावाजवळ वर्षभराचे काम निर्माण होण्याची, आणि काही कुटुंबांची तरी भट्टीवरची वारी टळण्याची शक्यता त्यात आहे. परंतु ह्या कामात कोरड्या राखेची धूळ उडते आणि चुना हातापायांना चरे पाडतो. राख ओलसर करून हाताळणे, तोंडाला चांगला मास्क, हातांत मोजे आणि पायांत बूट, ही त्या धंद्याची अंगेच मानली पाहिजेत. मजुरांच्या छातीच्या मोलाने स्वस्त झालेली वीट खऱ्या अर्थाने स्वस्त नसते.

कोळशावरची वीज हळूहळू कमी व्हावी, असा जगाचा प्रयत्न आहे. राखेचा हा ओघ काही अखंड चालावयाचा नाही. तरीही आजवर साचलेले ढीग व तलाव आहेतच, आणि चुना व भाजलेली माती ह्यांच्या संयोगाचे जे ज्ञान सुरखीच्या काळापासून चालत आले, ते राख संपल्यावरही संपणार नाही. उद्या तिची जागा तुसाची राख घेईल किंवा बेताने भाजलेली चिकणमाती घेईल. गिऱ्हाईकाने चुन्याचे मूळ विचारावे, उत्पादकाने वीट पिकण्याइतके पाणी आणि दिवस द्यावे, आणि गवंड्याने सिमेंट कोठे हवे व कोठे नको ह्याचा विवेक ठेवावा. एवढे झाले, तर खानवेलच्या पाड्यावर उभी राहणारी भिंत पावसात टिकेल, धक्क्यात घराला सांभाळील, आणि तिच्यासाठी कोणाचे शेत खणावे लागणार नाही.